विश्लेषण : काल नायिका, आज आई! लीला चिटणीस यांच्या उत्तरार्धाची गोष्ट काय सांगते?

‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या बोलपटांची नायिका अवघ्या सात वर्षांत दिलीपकुमारची आई झाली. पुढची अनेक वर्षे हिंदी पडद्यावरची सोसणारी, वाट पाहणारी, डोळे पुसणारी आई म्हणजे लीला चिटणीस असेच समीकरण राहिले. त्यांच्यासोबत नायक असलेले अशोककुमार मात्र त्यानंतरही बरीच वर्षे नायकच राहिले. असे का झाले? स्टुडिओंचा काळ संपल्यावर नायिकांचे पुढे काय होई? निवृत्ती त्यांच्या हाती होती का?

लीला चिटणीस कोण होत्या?

लीला चिटणीस यांचा जन्म धारवाडचा, माहेरचे आडनाव नगरकर. वडील इंग्रजीचे प्राध्यापक. जन्मवर्षाची नोंद कुठे १९०९, तर कुठे १९१२ अशी सापडते. लग्न लहान वयात झाले. पती डॉक्टर होते आणि घरातले वातावरण सुधारकी, राजकीय चळवळीशी जोडलेले होते. भूमिगत असलेल्या मानवेंद्रनाथ रॉय यांना या दाम्पत्याने अटकेचा धोका पत्करून घरात आसरा दिला होता. पुढे संसार मोडला. पदरी चार मुले होती. शिकलेल्या लीलाबाईंनी शिक्षिकेची नोकरी केली आणि नाटकाकडे वळल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणणाऱ्या नाट्यमन्वंतर या संस्थेत त्यांनी काम केले.

चांगल्या घरातील बाईने चित्रपटात काम करणे त्या काळी लोकांच्या भुवया उंचावणारे होते. अशा वेळी ‘जंटलमन डाकू’ (१९३७) या चित्रपटाच्या वेळी त्यांच्या पदवीचीच जाहिरात झाली. पडद्यावर आलेली महाराष्ट्रातील पहिली पदवीधर, प्रतिष्ठित घरातील स्त्री अशी त्यांची ओळख करून देण्यात आली. त्याआधी मास्टर विनायक यांच्या ‘छाया’ (१९३६) मध्ये आणि नंतर प्रभातच्या ‘वहाँ’ (१९३७) मध्ये त्या दिसल्या. चार मुलांचा सांभाळ हे या कामामागचे साधे, रोजचे कारण होते. त्यांच्या कारकीर्दीतील पुढचे बरेच निर्णय या एका गोष्टीच्या उजेडात समजतात.

बॉम्बे टॉकीजने त्यांना काय दिले?

१९३४ मध्ये मालाडला उभी राहिलेली बॉम्बे टॉकीज ही हिमांशू राय आणि देविकाराणी यांची चित्रसंस्था. ‘अछूत कन्या’ (१९३६) मुळे देविकाराणी आणि अशोककुमार ही जोडी देशभर पोहोचली होती. देविकाराणींचा पडद्यावरचा वावर कमी झाला, तेव्हा त्या जागी लीला चिटणीस आल्या. ‘कंगन’ (१९३९) ला मोठे यश मिळाले. त्यानंतर ‘आझाद’ आणि ‘बंधन’ (दोन्ही १९४०) आणि ‘झूला’ (१९४१) असे चित्रपट आले. नायक प्रत्येक वेळी अशोककुमार.

डोळ्यांनी बोलणे आपण लीला चिटणीस यांच्याकडून शिकलो, हे अशोककुमार यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. तोवर या जाहिरातींत हॉलीवूडच्या तारकांचे चेहरे असत. त्यामुळे तिशी गाठलेल्या, चार मुलांच्या आईचा चेहरा देशातील सर्वांत मोठ्या सौंदर्य-जाहिरातीसाठी निवडला गेला, ही लहान बाब नव्हती. सात वर्षांनी ‘आता वय झाले’ असे पडद्याने त्यांना सुचवले, तेव्हा हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे.

स्टुडिओ पद्धत म्हणजे नेमके काय?

आज कलाकार एकेका चित्रपटासाठी मानधन ठरवतो. १९३० च्या दशकात तसे नव्हते. पुण्याची प्रभात, मालाडची बॉम्बे टॉकीज, दादरची रणजित, कलकत्त्याची न्यू थिएटर्स या ‘कंपन्या’ होत्या आणि कलाकार त्यांचे पगारी नोकर. नायिका, नायक, दिग्दर्शक, संगीतकार, सुतार, रंगारी सगळे महिन्याच्या पगारावर. कामावर वेळेत यायचे, कंपनी सांगेल ती भूमिका करायची, करार असेपर्यंत दुसरीकडे जायचे नाही.

यात जाच होता, तसा आधारही होता. एक चित्रपट पडला तरी पुढच्या महिन्याचा पगार थांबत नसे. नायिकेसाठी कथा निवडणे, तिचा चेहरा लोकांसमोर ठेवणे, जाहिरात करणे ही कंपनीची जबाबदारी असे. एकट्या बाईने निर्माते आणि फायनान्सर यांच्याशी घासाघीस करण्याची गरज नव्हती. पण हा आधार कंपनी टिकेपर्यंतच होता. नोकरी गेल्यावर निवृत्तिवेतन नाही आणि चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तरी त्यातला वाटा नाही.

ही घडी कशी विस्कटली?

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि एकाच वेळी अनेक गोष्टी बदलल्या. बॉम्बे टॉकीजचे जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांना ब्रिटिश सरकारने स्थानबद्ध केले. मे १९४० मध्ये हिमांशू राय यांचे निधन झाले. संस्थेची सूत्रे देविकाराणींकडे आली, पण गटबाजी थांबली नाही. १९४३ मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार, ग्यान मुखर्जी आणि रायबहादूर चुनीलाल ही मंडळी बाहेर पडली आणि गोरेगावात त्यांनी ‘फिल्मिस्तान’ सुरू केली.

त्याच सुमारास कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. दुसरीकडे युद्धकाळातील ठेकेदारीतून आलेला पैसा चित्रपटधंद्यात शिरला. या नव्या निर्मात्यांकडे ना स्वतःचा स्टुडिओ होता, ना पगारी कलाकार. त्यांना हवा होता तो नाव चालेल असा तारा, एका चित्रपटापुरता, रोख मानधनावर. मोठे तारे कंपन्या सोडून स्वतंत्रपणे काम करू लागले. महिन्याच्या पगाराची पद्धत मोडली. १९५३ मध्ये प्रभात बंद पडली. पाठोपाठ बॉम्बे टॉकीजही संपली.

नव्या बाजारात नायकाची किंमत वाढत गेली. नायिकेच्या बाबतीत मात्र बाजार नवा चेहरा शोधू लागला.

नायिकेची आई होण्यास सात वर्षेच का लागली?

‘झूला’ नंतर लीला चिटणीस यांनी स्वतः निर्मिती करून पाहिली. ‘किसीसे ना कहना’ (१९४२) हा त्यांची निर्मिती असलेला चित्रपट. पण पूर्वीचे यश परत आले नाही. १९४८ मध्ये रमेश सैगल दिग्दर्शित ‘शहीद’ आला. त्यात दिलीपकुमार नायक, कामिनी कौशल नायिका आणि दिलीपकुमारच्या आईच्या भूमिकेत लीला चिटणीस. चित्रपट फिल्मिस्तानचा होता. म्हणजे बॉम्बे टॉकीजमधील जुन्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या संस्थेतच त्यांच्या भूमिकांचा प्रकार बदलला. दिलीपकुमार यांचा जन्म डिसेंबर १९२२ चा. लीलाबाईंच्या जन्मवर्षाची कोणतीही नोंद खरी मानली, तरी पडद्यावरच्या या माय-लेकांत प्रत्यक्षात फार तर १३ वर्षांचे अंतर होते.

आता दुसरी बाजू. अशोककुमार यांचा जन्म १९११ चा, म्हणजे ते लीलाबाईंच्याच पिढीचे. ‘शहीद’ नंतरच्याच वर्षी, १९४९ मध्ये, त्यांचा ‘महल’ आला. ते अडतीस वर्षांचे, नायिका मधुबाला सोळा वर्षांची. १९५८ मध्ये ‘हावडा ब्रिज’ मध्ये पुन्हा हीच जोडी होती, तेव्हा अशोककुमार सेहेचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या ‘साधना’ त लीला चिटणीस सुनील दत्तची मरणपंथाला लागलेली आई झाल्या होत्या. एकेकाळी एकमेकांसमोर उभे राहिलेले नायक-नायिका दहा वर्षांत पडद्यावर दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे होऊन बसले.

यात पार्श्वगायनाचाही वाटा होता. स्टुडिओ काळातील अनेक नायिका आपली गाणी स्वतः म्हणत. लीला चिटणीस यांनीही बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत स्वतःची गाणी गायली. चाळीसच्या दशकात पार्श्वगायन रुळले आणि १९४९ नंतर लता मंगेशकर यांचा आवाज सर्वत्र झाला. आता नायिकेला गाता येणे आवश्यक नव्हते. साहजिकच कॅमेऱ्यासमोर तरुण, नवा चेहरा आणणे निर्मात्याला सोपे झाले.

‘आई’ चा साचा त्यांनीच घडवला का?

बऱ्याच अंशी हो. हिंदी चित्रपटात आई आधीही होती, पण स्वातंत्र्यानंतरच्या दशकात ती कथेच्या मध्यभागी आली. फाळणीत उद्ध्वस्त झालेली घरे, शहरात आलेला एकटा तरुण, गरिबी आणि इमान यांतला झगडा या सगळ्या गोष्टींत नायकाला जोखणारी एक नजर लागे. ती नजर आईची होती.

राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) मध्ये लीला चिटणीस आधी न्यायाधीशाची तरुण पत्नी म्हणून दिसतात. नवरा संशयावरून घराबाहेर काढतो आणि ती झोपडीत मुलाला वाढवते. एकाच चित्रपटात नववधूपासून थकलेल्या आईपर्यंतचा प्रवास त्यांनी केला. १९५२ मध्ये बिमल रॉय यांचा ‘माँ’ आला. निर्मिती बॉम्बे टॉकीजची. ज्या संस्थेने त्यांना देशभर नायिका म्हणून पोहोचवले, तिथेच अकरा वर्षांनी त्या शीर्षकातल्या आईच्या भूमिकेत परतल्या.

पुढची यादी मोठी आहे. ‘नया दौर’ (१९५७), ‘काला बाजार’ (१९६०), ‘गंगा जमना’ (१९६१), ‘गाइड’ (१९६५). दिलीपकुमार, राज कपूर आणि देव आनंद या तिन्ही मोठ्या नायकांची आई त्या झाल्या. ‘गाइड’ मधली आई नुसती रडणारी नाही. मुलाने परक्याची बायको घरात आणली म्हणून ती घर सोडते, आणि शेवटी त्याच्यासाठीच परत येते. मोजके संवाद, खाली झुकलेली नजर, पदराशी चाळा यांतून त्या काम करीत. बॉम्बे टॉकीजमध्ये ज्या डोळ्यांचे कौतुक झाले, तेच डोळे इथेही कामी आले.

हा साचा पुढे निरुपा रॉय यांच्याकडे गेला आणि ‘दीवार’ (१९७५) मध्ये कळसाला पोहोचला. त्याची घडण मात्र पन्नासच्या दशकात झाली होती.

इतर नायिकांनी कोणते मार्ग निवडले?

देविकाराणी यांनी पूर्णविराम दिला. १९४३ मधील ‘हमारी बात’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९४५ मध्ये त्यांनी बॉम्बे टॉकीज सोडली, रशियन चित्रकार स्वेतोस्लाव्ह रोरिक यांच्याशी विवाह केला आणि पडद्याकडे पुन्हा पाहिले नाही. दादासाहेब फाळके पुरस्काराच्या त्या पहिल्या मानकरी. १९९४ मध्ये बंगळूरुत त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे तिथल्या विस्तीर्ण जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

दुर्गा खोटे यांचा मार्ग वेगळा. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) पासून काम करणाऱ्या दुर्गाबाईंनी एकाच कंपनीशी बांधून न घेता स्वतंत्रपणे काम करण्याची वाट लवकर धरली. १९३४ च्या ‘सीता’ मध्ये त्या सीता आणि पृथ्वीराज कपूर राम होते. २६ वर्षांनी ‘मुघल-ए-आझम’ मध्ये हीच दोघे जोधाबाई आणि अकबर झाली. अभिनयासोबत त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्था चालवली, माहितीपट आणि जाहिरातपट काढले. दूरदर्शनवर गाजलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका त्यांच्याच संस्थेची. १९८३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. काम कमी केल्यावर त्या अलिबागला राहायला गेल्या.

ललिता पवार यांच्यासमोर निवडच नव्हती. १९४२ मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याला इजा झाली, डावा डोळा अधू झाला आणि नायिकेची कारकीर्द संपली. त्याच डोळ्याच्या जोरावर त्यांनी खाष्ट सासूची ओळख उभी केली आणि रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरेपर्यंत काम केले.

म्हणजे वाटा तीन होत्या. चित्रपट सोडणे, स्वतःची संस्था काढणे किंवा मिळेल ती वयस्क भूमिका स्वीकारणे. पहिल्या वाटेला दुसरा आधार लागे, दुसरीला भांडवल. लीलाबाईंनी दुसरी वाट चोखाळून पाहिली. ‘आज की बात’ (१९५५) चे दिग्दर्शनही केले. पण पोटापाण्याला आधार दिला तो तिसऱ्या वाटेने.

हॉलीवूडमध्ये वेगळे होते का?

फारसे नाही. ग्रेटा गार्बो यांनी १९४१ नंतर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, काम थांबवले. १९९० मध्ये मृत्यू होईपर्यंत त्या पडद्यावर परतल्या नाहीत. दोन ऑस्कर मिळवलेल्या बेट डेव्हिस यांनी १९६२ मध्ये एका व्यावसायिक नियतकालिकात स्वतःसाठी ‘काम हवे आहे’ अशी जाहिरातच दिली. त्यात गंमत होती, तशी बोचही होती. फरक एवढाच, की अमेरिकेतील कलाकारांनी करारांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड यांनी १९४४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सविरुद्ध मिळवलेल्या निकालाने स्टुडिओंना कलाकाराचा करार सात वर्षांपलीकडे ताणता येईना.

निवृत्ती कशी झाली?

एखादा समारंभ करून किंवा घोषणा करून लीला चिटणीस निवृत्त झाल्या नाहीत. चरित्र भूमिका करणाऱ्यांची निवृत्ती बहुधा अशीच असते. भूमिका लहान होत जातात, मग दोन चित्रपटांतील अंतर वाढते. सत्तरच्या दशकापर्यंत त्या काम करीत राहिल्या. १९८१ मध्ये ‘चंदेरी दुनियेत’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ऐंशीच्या दशकातील ‘दिल तुझको दिया’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. त्यानंतर त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या.

१४ जुलै २००३ रोजी कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथील शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. भारतातील पडद्यापासून त्या इतक्या दूर गेल्या होत्या, की अनेक प्रेक्षकांना त्या हयात होत्या हेच तेव्हा कळले. ज्या अशोककुमार यांच्यासोबत त्यांनी शिखर पाहिले, त्यांना फाळके पुरस्कार मिळाला. लीलाबाईंच्या वाट्याला तो आला नाही.

त्यांच्या वाट्याला अपयशच आले का?

तसे म्हणणे घाईचे ठरेल. एकटीने मुले वाढवणाऱ्या स्त्रीने सुमारे पन्नास वर्षे एका बेभरवशाच्या धंद्यात टिकून काम केले. नाटक, बोलपट, जाहिरात, निर्मिती, दिग्दर्शन, लेखन या सगळ्यांत हात घातला. त्यांच्यासोबत सुरुवात केलेली कितीतरी नावे दशकभरात पुसली गेली. आईच्या भूमिकांनी त्यांना नायिकेची जागा परत दिली नाही, पण काम दिले. आणि त्या कामात त्यांनी कसर ठेवली नाही.

तरीही हिशेब सरळ नाही. नायिका म्हणून त्यांचा ऐन काळ जेमतेम तीन वर्षांचा, आईचा मात्र त्याच्या कितीतरी पट. आज मोबाइलवर ‘आवारा’ किंवा ‘गाइड’ पाहणाऱ्याला त्या कुणाची तरी आई म्हणूनच भेटतात. या आईने स्वतः कधी नायिका म्हणून देशाला वेड लावले होते, हे सांगावे लागते. ‘कंगन’ शोधून पाहिला, की ते सांगावे लागत नाही.

हा प्रश्न आज संपला आहे का?

चाळिशी ओलांडलेल्या अभिनेत्रींना मध्यवर्ती भूमिका देणाऱ्या वेब मालिका आणि चित्रपट आता दिसतात, हा बदल खरा आहे. पण पन्नाशीचा नायक आणि पंचविशीची नायिका ही जोडी अजूनही कुणाला खटकत नाही. उलट जोडी जुळवली, म्हणजे पन्नाशीची नायिका आणि पंचविशीचा नायक, तर तोच चित्रपटाचा विषय होतो. ‘शहीद’ आणि ‘महल’ यांच्यात एकाच वर्षाचे अंतर होते. त्या एका वर्षात दिसलेली तफावत भरून निघाली असे म्हणण्यासाठी अजून बरेच चित्रपट यावे लागतील.